'किमतीच्या मानानें बरा'

'किमतीच्या मानानें बरा' हा अभिप्राय दिसण्यांत मोठा उदार आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे. तो देणारा मनुष्य वस्तूकडे पाहतच नाहीं; तिच्यावर चिकटविलेल्या चिठीकडे पाहतो. वस्तू हलक्या दराची, म्हणजे ती हलकीच असावयाची, असें त्यानें घरून निघतांनाच ठरविलेलें असतें. पुढें अपेक्षेपेक्षां कांहीं अधिक हातीं लागलें कीं तो तिच्या पाठीवर हात फिरवितो आणि आपण परीक्षा केली असें समजतो. पाठीवर हात फिरविणें आणि परीक्षा करणें या दोन क्रिया एक नव्हत, हें ज्याचें निम्में आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें त्या माझ्यासारख्यानें तरी विसरावयास नको होतें. परंतु मी विसरलों. कोठें व कसा विसरलों तें सांगणें प्राप्त आहे, आणि तें सांगावयाचें तर विषय चिरुटाचा निघतो. त्याला माझा इलाज नाहीं.

चिरुटाचें नांव काढतांच कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील याची मला जाणीव आहे. घरांतील लहानथोरांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत तंबाखूची चर्चा कशाला, असा प्रश्न ते विचारतील, आणि तो रास्त आहे. म्हणून प्रथमच सांगून टाकतों कीं, मी कोणासहि चिरूट ओढावयास सांगत नाहीं. त्याचा धूर छातींत घ्यावयाचा नसतो हें खरें. पण तेवढ्यानें तो निरुपद्रवी ठरत नाहीं. निकोटिन तोंडाच्या आंतील त्वचेंतूनच रक्तांत उतरतें, आणि तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशीं चिरुटाचा संबंध निर्विवाद सिद्ध झालेला आहे. मी स्वतः वर्षाकांठीं दोन-तीन ओढतों. तेहि न ओढले तर बरें, असें घरांतून मला वेळोवेळीं ऐकविण्यांत येतें आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाहीं. मात्र याच कारणामुळें रुचीच्या चर्चेस चिरुटासारखें दुसरें उदाहरण नाहीं. चवीवांचून त्याला कसलेंच समर्थन नाहीं. पुस्तकाच्या मागें उपदेश, देशकार्य, ज्ञानप्रसार यांपैकीं कांहीं तरी उभें करतां येतें. चिरुटाच्या मागें धुरावांचून कांहीं नसतें. तो चांगला आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरतो.

तीन वर्षांपूर्वीं ऑगस्ट महिन्यांत मी अमेरिकेंत माझ्या भाच्याकडे गेलों होतों. तो कनेक्टिकट संस्थानांत हार्टफोर्ड शहराजवळ राहतो. शहराच्या उत्तरेस नदीच्या कांठानें जी सपाट, रेताड जमीन आहे तींत सतराव्या शतकापासून तंबाखू पिकते. रस्त्यानें जातांना लांबच लांब लांकडी कोठारें दिसतात. त्यांच्या भिंतींतील कांहीं फळ्या बिजागरीवर उघडतात, म्हणजे आंत वारा खेळतो. तेथें पान दोन प्रकारचें. एक सावलीचें : शेतावर कापडाचा मांडव घालून वाढविलेलें, पातळ, फिकट, एकेक करून खुडलेलें. दुसरें रुंद पानाचें, ज्याला तिकडे ब्रॉडलीफ म्हणतात : उघड्या उन्हांत वाढलेलें, जाड, चिवट, तेलकट. याचें झाडच्या झाड बुंध्यापाशीं कापतात, शेतांतच थोडें कोमेजूं देतात, आणि मग पांच-सहा झाडें एका काठींत ओंवून कोठारांत उलटीं टांगतात. पुढें वाळलेलें पान इतकें ठिसूळ होतें कीं, कोरड्या हवेंत हात लावला तर त्याचा चुरा व्हावा. म्हणून दमट दिवसाची वाट पाहून तें खालीं उतरवितात. (मार्टिन ल्यूथर किंग यांनीं विद्यार्थिदशेंत, १९४४ च्या उन्हाळ्यांत, याच भागांतील सिम्सबरी गांवीं तंबाखूच्या शेतावर मजुरी केली होती, हें मला तेथें गेल्यावर कळलें, आणि त्यानंतर त्या मांडवांकडे पाहण्याची माझी दृष्टि थोडी बदलली.)

या ब्रॉडलीफचा मुख्य उपयोग 'मादूरो' चिरुटाच्या पांघरुणाकडे होतो. मादूरो हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ पिकलेला, परिपक्व. चिरुटाचे तीन भाग असतात : आंतलें पोट, त्याला आवळून धरणारें बांधणीचें पान, आणि सर्वांवरून गुंडाळलेलें पांघरूण. मादूरो हें विशेषण यांतील केवळ पांघरुणाचें आहे. हें पान काळें जन्मत नाहीं. तें मुरवून काळें करतात. पाणी शिंपडून पानांचे मोठाले ढीग रचतात; आंतल्या आंत ते तापूं लागतात; मधोमध उष्णतामापक खुपसून ठेवलेला असतो, आणि पारा ठरलेल्या अंशावर चढला कीं सारा ढीग मोडून वरचें खालीं, खालचें वर असा पुन्हां रचतात. कोठींत अमोनियाचा दर्प इतका सुटतो कीं डोळ्यांना पाणी यावें. हें महिनोन् महिने चालतें. सावलीचें पातळ पान इतकी उष्णता सोसूं शकत नाहीं. त्यास जाड कातडीचेंच पान लागतें, म्हणून कनेक्टिकटचें ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोंतील व्हेराक्रूझ प्रांतांतलें सान आंद्रेसचें पान. लोणचें मुरणें म्हणजे काय हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

आतां या काळेपणाभोंवतीं दोन भ्रम माजले आहेत. काळा म्हणजे कडक, हा पहिला. वस्तुतः मुरण्यानें निकोटिन वाढत नाहीं, उलट थोडें घटतें. आणि कडकपणा येतो तो बहुतांशीं पोटांतल्या पानांतून, पांघरुणांतून नव्हे. चांगला मादूरो बहुधा मऊ आणि गोडसर असतो. काळा म्हणजे उत्तम, हा दुसरा भ्रम. आणि कित्येक कारखानदारांनीं हा चांगलाच ओळखलेला आहे. पान वाफेवर शिजवून किंवा सरळ रंग चढवून काळें करणारे पुष्कळ आहेत. ओलें बोट फिरवून पाहावें. रंग बोटावर उतरला तर काय समजावयाचें तें समजावें.

खरा मादूरो स्वस्त करणें सोपें नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल. वेळ म्हणजे अडकून पडलेलें भांडवल. स्वस्त करणाऱ्यास कोठें तरी हात आंखडावा लागतो : लांकडी पेटीऐवजीं कागदांत बांधलेली जुडी, पोटांत सबंध पानांच्या जोडीस तुकडे, थोडा कमी जुना माल. पण त्याला एक सवलतहि मिळते. ब्रॉडलीफ दिसावयास ओबडधोबड असतें. शिरा वर आलेल्या, रंग एकसारखा नाहीं. आणि दिसण्याला जेथें भाव मिळतो तेथें कुरूप पान थोडें स्वस्त पडतें. कराचें कारण मात्र कोणी सांगूं नये. अमेरिकेंत मोठ्या चिरुटावरील मध्यवर्ती कर कारखान्याच्या विक्रीकिमतीच्या ५२.७५ टक्के असतो, परंतु एका नगास ४०.२६ सेंटांहून अधिक घेत नाहींत. म्हणजे किंमत सुमारें ७६ सेंटांवर गेली कीं, पुढें चिरूट दोन डॉलरांचा असो कीं वीस डॉलरांचा, त्या सरकारचा वाटा तेवढाच. गरिबाच्या चिरुटावर कराचा बोजा अधिक आणि श्रीमंताच्या चिरुटावर नाममात्र, ही गोष्ट माझ्या विषयाबाहेरची असली तरी नमूद करून ठेवतों.

भाच्याच्या घरांत धूर चालत नाहीं. सूनबाईंच्या हुकमावरून आम्हां दोघांची रवानगी घरामागच्या लांकडी ओट्यावर झाली. भाच्यानें दोन चिरूट समोर ठेवले. दोन्ही निकाराग्वांतील एस्तेली गांवचे, पांच इंच लांब, जाडी एकच, रंग जवळ जवळ एकच. नांवाच्या कागदी पट्ट्या त्यानें काढून घेतल्या होत्या.

"मामा, एक आज ओढा, एक परवां," तो म्हणाला, "आणि कॉलेजांत देतां तसे शंभरांपैकीं गुण द्या. लेखी."

मीं लेखी गुण दिले. पहिल्यास ६४, दुसऱ्यास ५७. आमच्या विद्यापीठाच्या भाषेंत, पहिल्यास पहिला वर्ग आणि दुसऱ्यास दुसरा. खालीं चार-चार ओळींचा शेरा. तिसऱ्या दिवशीं त्यानें पट्ट्या आणून दाखविल्या. पहिला साडेचार डॉलरांचा, जुडींतला; दुसरा बावीस डॉलरांचा.

यानंतर मीं जें केलें तें लिहावयास मला लाज वाटते. मी म्हणालों, "अरे, परवां माझें तोंड बरोबर नव्हतें, दुपारीं लिंबाचें लोणचें खाल्लें होतें." एवढ्यावर थांबलों असतों तरी एक वेळ चाललें असतें. पण खिशांतली लेखणी काढून पहिल्या शेऱ्याच्या शेवटीं मीं चार शब्द वाढविले : 'किमतीच्या मानानें फार उत्तम'. जिभेनें जो निकाल दिला होता त्याला डोळ्यांनीं किंमत पाहतांच खालच्या वर्गांत बसविलें, आणि तेंहि स्तुति करून! भाचा हंसला. "मामा, एखाद्या विद्यार्थ्यानें असा फेरतपासणीचा अर्ज केला तर तुम्ही काय कराल?" मीं त्याला फेटाळलाच असता, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

हार्टफोर्डमध्यें मार्क ट्वेनचें घर आहे. १८७४ पासून १८९१ पर्यंत तो तेथें राहत होता. तेथील वरच्या मजल्यावरील बिलिअर्डच्या खोलींत उभा असतांना मला त्याचा एक लहानसा निबंध आठवला. तो त्यानें १८९३ च्या सुमारास लिहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर १९१७ मध्यें छापला गेला. ट्वेनच्या स्वस्त चिरुटांची त्याच्या मित्रांना दहशत होती. तेव्हां त्यानें एका श्रीमंत मित्राचे भारी चिरूट मिळविले, आपल्या बदनाम पेटींत घालून ठेवले, आणि जेवणानंतर पाहुण्यांपुढें केले. पाहुण्यांनीं ते शिष्टाचारापुरते पेटविले आणि कांहीं तरी सबब सांगून काढता पाय घेतला. सकाळीं दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर ते चिरूट पडलेले सांपडले. एक तेवढा बशींत होता. तो त्याच मित्रानें टाकलेला, ज्याचे ते चिरूट होते.

गोष्ट बहारीची आहे. पण तिच्यावरून ट्वेननें काढलेलें अनुमान मला मान्य नाहीं. तो म्हणतो कीं, तंबाखूच्या चवीला प्रमाण म्हणून नाहींच. ज्याची त्याची आवड हेंच ज्याचें त्याचें प्रमाण. पाहुण्यांनीं पेटीची परीक्षा केली, चिरुटाची केली नाहीं, एवढेंच त्या प्रयोगानें सिद्ध होतें. न्यायाधीशानें साक्ष न ऐकतां आरोपीच्या कपड्यांवरून निकाल दिला, म्हणून कायदाच अस्तित्वांत नाहीं असें कसें म्हणावें? आवड ज्याची त्याची, हें वाक्य मोठें सहिष्णु दिसतें. पण तें स्वीकारलें म्हणजे उरतें काय? किंमत उरते. ज्या बाजारांत चवीचें प्रमाण कोणीच मानीत नाहीं तेथें दराचें प्रमाण सर्वच मानतात. आवडीचें स्वातंत्र्य सांगणारे आणि किमतीपुढें लोटांगण घालणारे हे दोघे वरून शत्रु दिसले तरी एकमेकांचें काम करीत असतात.

शंभर गुणांच्या पट्टीविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. १९९२ मध्यें अमेरिकेंत 'सिगार अफिसिओनादो' हें नियतकालिक निघालें आणि द्राक्षमद्यासाठीं रूढ झालेली ही पट्टी त्यानें चिरुटास लावली. त्याचे परीक्षक पट्ट्या काढून चव घेतात, हें त्यांच्या बाजूचें श्रेय मी नाकारीत नाहीं. माझ्या भाच्यानेंहि तेंच केलें. तक्रार पट्टीच्या वापराविषयीं आहे. या पट्टीवर ठिकठिकाणीं दिलेले गुण वाचावे. पंचाऐंशी आणि पंचाण्णव यांच्या दरम्यान सारी गर्दी, आणि खालचें सगळें अंगण ओस. जेथें अगदीं सामान्य वस्तूसहि ऐंशी मिळतात तेथें शंभराची पट्टी ही पट्टी नसून नमस्कार आहे. आमच्या परीक्षांतहि हा रोग शिरलेला आहे, तेव्हां मी परक्यांना फार हंसूं इच्छीत नाहीं.

आणि तीं विशेषणें! कोको, भाजलेली कॉफी, चामडें, देवदार, मनुका, काळें मिरें, ओली माती : एका चिरुटांत हीं सातहि सांपडल्याचें सांगणारे परीक्षक आहेत. यांतील एकदोन खरीं असतात. बाकीचीं शेजाऱ्याच्या परीक्षणांतून उचललेलीं असतात, जशीं आमच्याकडे 'तरल', 'आशयघन' हीं विशेषणें एका परीक्षणांतून दुसऱ्यांत जातात आणि वाटेंत कोणालाच भेटत नाहींत. मला त्या चिरुटांत कोको लागला नाहीं. काकवी लागली; भाजलेल्या चिंचोक्याचा खमंगपणा लागला. हे शब्द माझ्या जिभेला लहानपणापासून ठाऊक आहेत, म्हणून त्यांची जबाबदारी मी घेऊं शकतों.

प्रमाण आहे तें असल्या विशेषणांच्या गर्दींत नाहीं; दोन माणसांना एकत्र बसून पडताळून पाहतां येईल अशा गोष्टींत आहे. झुरका सहज येतो कीं गाल आंत ओढावे लागतात? निखारा गोल चालतो कीं एका अंगानें धांवतो? राख टिकते कीं कपड्यांवर सांडते? (राखेवरून तंबाखू ओळखणाऱ्या शेरलॉक होम्सनें १८८७ सालच्या पहिल्याच कथेंत आमच्या त्रिचनापल्लीच्या चिरुटाची राख ओळखली, आणि 'चिरूट' हा शब्दहि मूळचा तमिळ, एवढा मान तरी आपल्याकडे आहे.) धूर तोंडांत गार राहतो कीं चटका देतो? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पहिल्या तृतीयांशाची चव शेवटच्या तृतीयांशांत कितपत टिकते, बदलत असेल तर कशी बदलते? यांतल्या एकाहि प्रश्नाचें उत्तर देण्यास किंमत ठाऊक असावी लागत नाहीं. किंमत विकत घेणाऱ्याचा प्रश्न आहे. तो घरीं जाऊन आपल्या मिळकतीशीं त्याचा हिशेब करील. परीक्षकानें दुसऱ्याच्या खिशांत हात घालण्याचें कारण नाहीं.

एवढा तपशील चिरुटापायीं कशासाठीं, असें कोणी विचारील. कारण 'त्या मानानें' हे दोन शब्द चिरुटापुरते राहत नाहींत. तालुक्याच्या गांवीं छापलेला कवितासंग्रह आमच्याकडे अभिप्रायास येतो. कागद पिवळा, बांधणी सुटलेली, आणि आम्ही लिहितों, 'त्या मानानें बरा'. नव्यानें लिहूं लागलेल्या मजुराच्या आत्मकथनास आम्ही तेंच लिहितों. स्त्रियांच्या लेखनास तर हें प्रशस्तिपत्र पिढ्यान् पिढ्या मिळत आलें आहे. घेणाऱ्यानें कृतज्ञ राहावें अशी आमची अपेक्षा असते. त्याला खरें पाहतां दोषच ऐकावयाचे असतात, जसे ते थोरांच्या पुस्तकांचे काढले जातात तसे. पण दोष काढण्याइतका मान आम्ही त्याला देत नाहीं. मीं स्वतः असे अभिप्राय लिहिलेले आहेत. त्यांतील दोन पुस्तकें भाच्याकडून परतल्यावर मीं पुन्हां काढून वाचलीं. एक खरोखरच वाईट होतें, आणि तें तसें सांगावयास हवें होतें. दुसरें चांगलें होतें. त्याच्या लेखकानें त्यानंतर कांहीं लिहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

तेव्हां साडेचार डॉलरांच्या त्या चिरुटाचा निकाल, चार शब्द खोडून, पुन्हां देतों. नांव मुद्दामच देत नाहीं; दिलें तर वाचक प्रथम दर शोधील. पांघरूण खरें ब्रॉडलीफ, खरखरीत, दोन जाड शिरा वर आलेल्या. बोटास रंग लागला नाहीं. न पेटवितां येणारा वास ओल्या लांकडाचा आणि किंचित् काकवीचा. पहिले पांच-सहा झुरके तिखट, जवळ जवळ उद्धट; मग तो निवतो आणि मधला भाग अतिशय सुखाचा जातो : खमंग, गोडसर, धूर दाट आणि गार. राख करडी, इंचभर टिकणारी. निखारा एकदां वांकडा चालला, काडीनें सरळ करावा लागला. शेवटीं तो करपट होतो. दीड इंच उरला असतां मीं टाकून दिला. सुमारें पन्नास मिनिटें. बावीस डॉलरांच्या चिरुटाची घडण निर्दोष होती, शीर एकहि दिसत नव्हती, निखारा शेवटपर्यंत गोल. परंतु पहिल्या झुरक्याला जें सांगितलें तेंच त्यानें तासभर सांगितलें. सत्तावन्न गुण घडणीबद्दलचेच आहेत.

निघतांना भाच्यानें त्या जुडींतले पांच चिरूट माझ्या सामानांत घातले. ते गेल्या तीन वर्षांत संपले. एकाचें पांघरूण वैशाखांत पुण्याच्या कोरड्या हवेनें तडकलें. तो दोष चिरुटाचा नव्हे, तो नीट न ठेवणाऱ्या माझा. एक मात्र मुळांत घट्ट वळलेला होता. कितीहि ओढला तरी धूर येईना, अखेर टाकला. उरलेले तीन पहिल्यासारखेच निघाले. सहांत एक वाया, हा दोष लहान नाहीं. चौसष्टांतून मीं त्यासाठीं तीन गुण कापले आहेत, आणि बाकी एकसष्ट कायम ठेवले आहेत. बावीस डॉलरांच्या चिरुटाचा दुसरा नमुना मागण्याचें मला धैर्य झालें नाहीं. त्याच्याविषयींचें माझें मत एकाच नगावर उभें आहे. वाचकांनीं तें तितपतच धरावें.